आजीसारखं झंपर शिवायचंय, मशीन कोणतं घेऊ?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय. गावच्या घरातून आजीचं काळं, पायानं चालवायचं शिलाई मशीन त्यांच्याकडे आलंय. सोबत आजीचा स्टुडिओत काढलेला एक फोटो आहे, फुग्याच्या बाह्यांचं, बंद गळ्याचं झंपर (जुन्या वळणाचा ब्लाउज) घातलेला. तसलं साठच्या दशकातलं झंपर त्यांना स्वतः शिवायचंय, आणि जमलं तर पुढे त्याच काळातला तंग कुर्ता आणि चुडीदारही. 20 हजार बाजूला ठेवलेत. जुनं मशीन भंगारात द्यावं का, 21 प्रकारचे टाके घालणारं नवं घ्यावं का, आणि 100 वस्तूंचा तो शिवणसंच घ्यावा का, असे तीन प्रश्न.

ताई, मी ठाण्याच्या नौपाड्यात 28 वर्षं शिवणक्लास घेते. दर जूनमध्ये कोणी ना कोणी याच तीन प्रश्नांनी सुरुवात करतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्ही विचारलंय मशीनचं, पण अडणार आहात तुम्ही बेतताना. फोटोतल्या झंपराला सरळ टीप सोडून मशीननं काहीच केलेलं नाही. बाकीचं सगळं कात्रीनं, इस्त्रीनं आणि हातसुईनं झालंय. 21 पैकी 20 टाके त्या फोटोत नाहीत.

तरी मशीनचं आधी उरकते. जुनं ठेवायचं की नाही हे ते कसलं आहे यावर आहे, आणि ते बघितल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही. तुम्हीच बघा. पट्टा काढा आणि हातानं चाक आपल्याकडे फिरवा. जड फिरलं तर घाबरू नका, बहुतेक वेळा आत वाळलेलं तेल असतं. मग डावीकडची सरकती पट्टी उघडून खाली बघा. गोल बॉबिन गोल डबीत बसत असेल, तर त्याची डबी, शटल, बॉबिन आजही कुठल्याही मशीन दुरुस्तीवाल्याकडे मिळतात. होडीसारखं लांबट शटल असेल तर मात्र सुटे भाग शोधताना दमाल, मग ते मशीन दिवाणखान्यात ठेवा आणि फुलदाणीला जागा करा. मशीनचं मुख्य बीड, म्हणजे ओतीव लोखंडाचं अंग, कुठे तडकलंय का तेही पाहा, कारण तडा गेलेलं बीड नीट जोड धरत नाही.

तेल फक्त मशीनचंच, पांढरं, पातळ. मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी घरात होतं म्हणून खोबरेल घातलं होतं. दिवाळीनंतर थंडी पडली आणि एका सकाळी चाक जागचं हलेना. मिस्त्रींनी सगळं खोलून धुतलं आणि जाताना म्हणाले, "वहिनी, हे डोक्याला लावायचं." त्यांचं बरोबर होतं. खोबरेल थंडीत गोठतं आणि उन्हाळ्यात धूळ धरून चिकट होतं.

मशीन चालू झालं की सुई बदला. आजीच्या मशीनमध्ये बहुतेक 16 किंवा 18 नंबरची सुई अडकलेली असेल, ती जाड कापडाची. टू बाय टू रुबिया किंवा मलमलीला 11, पॉपलिन आणि खणाला 14. सुईला एका अंगानं लांब खाच असते, दोरा त्या अंगानं नेढ्यात घालायचा. उलट्या बाजूनं घातला की टाके सुटतात आणि आपण उगाच दोऱ्याच्या टेन्शनचा स्क्रू पिळत बसतो. टीप इंचाला 10 ते 12 टाके. जुन्या कपड्यांची टीप बारीक दिसते ती यामुळेच.

नवं मशीन कधी घ्यावं? तुम्हाला टी-शर्टचं ताणणारं कापड शिवायचं असेल, लेगिंग शिवायच्या असतील, तर झिगझॅग लागतो, आणि काळं मशीन तिथे कामाचं नाही. घरात पायाच्या टेबलाला जागा नसेल तरीही. पण झंपर, कुर्ता, परकर-पोलकं यांत ताणणारं कापड येत नाही. कडा उसवू नयेत म्हणून जुन्या बायका फ्रेंच शिवण घालायच्या, म्हणजे आधी सुलट बाजूनं बारीक टीप, मग उलटवून दुसरी, की कच्ची कड आतच बंद होते. काजं हातानं करा, नाहीतर बाजारातल्या पिको-फॉल, काज-बटणवाल्याकडे द्या. म्हणून 20 हजारातले मशीनवर घालायचे पैसे आत्ता राखून ठेवा. दुरुस्ती, नवा पट्टा, सुया यांना त्यातला लहानसा हिस्सा लागेल.

100 वस्तूंचा संच घेऊ नका. त्यात 60 रिळं असतात, इतक्या कच्च्या दोऱ्याची की दात लावायच्या आधी तुटतो. उरलेल्या 40 वस्तूंमधली एखादी कामाची निघते. त्याऐवजी तीन-चार गोष्टी चांगल्या घ्या.

पहिली कात्री. मेरठच्या कात्र्यांना भौगोलिक मानांकन आहे, आणि ते उगाच नाही. त्या उघडून, धार लावून, पुन्हा आवळून वर्षानुवर्षं वापरता येतात. बाईच्या हाताला 9 इंची पुरते, 10 इंची जड जाते. दुकानात घेताना मलमलीची एकेरी घडी कात्रीच्या अगदी टोकानं कापून बघा. टोक कापड चावत असेल, कापत नसेल, तर परत ठेवा. आणि घरात आणल्या दिवसापासून तिला कागद दाखवू नका. माझ्या 9 इंचीनं घरातल्या कोणीतरी गिफ्टची चिकटपट्टी कापली होती. कोणी ते आजवर कबूल केलेलं नाही, पण त्या दिवसापासून कात्री कुलपात असते. आमच्या पावसाळ्यात तिला गंजही पटकन चढतो, म्हणून वापरून झाली की पुसून मशीनच्याच तेलाचा एक थेंब.

दुसरी इस्त्री. हलकी असली तरी चालेल, पाण्याची फवारणी बाटली जवळ हवी. मी क्लासमध्ये एवढंच सांगते की एक शिवण घातली की उठा, ती उकलून इस्त्री करा, मगच तिच्यावर दुसरी आडवी घाला. पोरी कंटाळतात. पण घरी शिवलेला कपडा घरी शिवलेला दिसतो तो शंभरातल्या नव्वद वेळा याच एका आळसानं. टकावर, म्हणजे आकार द्यायला घातलेल्या निमुळत्या चुणीवर, आणि बाहीच्या गोलाईवर इस्त्री सपाट टेबलावर बसत नाही. त्यासाठी सुताराकडून लाकडाचा भुसा आणून, मांजरपाटाच्या भोपळ्याएवढ्या पिशवीत घट्ट कोंबून शिवून टाका. विकतच्या उशीपेक्षा भक्कम होते.

तिसरी टेप. जुनी प्लास्टिकची टेप ताणली जाते, पाव-अर्धा इंच खोटं बोलते. स्टीलच्या फूटपट्टीवर धरून बघा आणि फरक असेल तर टाकून द्या. खुणांसाठी साधा मातीचा खडू घ्या. मेणाचा खडू इस्त्रीखाली वितळून रेशमावर डाग ठेवतो. गरम केल्यावर शाई उडते असे पेन आलेत, ते मी क्लासमध्ये बंद केलेत. एकीचं रेशमी पोलकं थंडीत कपाटातून काढलं तर सगळ्या खुणा परत उमटलेल्या.

अंगुस्तान, पातळ टाचण्या, सुती दोरा हे सगळं जांभळी नाक्याच्या बाजूच्या दुकानांत एका फेरीत होतं. कापड स्वस्तात हवं असेल तर उल्हासनगर, निवडून हवं असेल तर मुंबईचं मंगलदास मार्केट. पण पहिल्या झंपराला महागाचं कापड आणूच नका, ते का ते पुढे येतं.

आता फोटो. तुम्ही "साठच्या दशकातलं" म्हणालात. फोटो तेव्हाचा असेल, झंपर तेव्हाचं असेलच असं नाही. आपल्या घरांत कपडा फॅशन गेल्यावरही दहा-पंधरा वर्षं चालायचा, आणि गावातला शिंपी आधी शिकलेलाच बेत (कापायचा नमुना) पुढे चालवायचा. फुग्याच्या बाह्या त्याच्या कितीतरी आधीच्या. साठच्या दशकात शहरात तंग, बिनबाह्यांचे किंवा कोपरापर्यंतच्या सरळ बाहीचे ब्लाउज चालू झाले होते. यात चूक-बरोबर काही नाही, पण वेगवेगळ्या काळांतलं थोडं थोडं उचलून एकात घातलं की ते ना हे ना ते दिसतं.

फोटो भिंगाखाली धरा आणि तीन गोष्टी शोधा. खांद्याची शिवण कुठे संपते? पुढे टक कुठून निघतो, बाजूच्या शिवणीतून की खालून? झंपर कमरेपर्यंत आहे की वर संपतंय? चमकही बघा. मंद एकसारखी असेल तर सुती, तुकड्यातुकड्यांत उजळ-काळी असेल तर रेशमी.

फुग्याचं गमक पहिल्या प्रश्नात आहे. नवशिक्या बाही फुगवतात आणि खांदा तसाच ठेवतात, मग फुगा दंडावर लोंबतो आणि माणूस रुंद दिसतो. जुन्या झंपरात खांद्याची शिवण अर्धा ते पाऊण इंच आत संपते, म्हणजे फुगा खांद्याच्या हाडावर उभा राहतो. तुमच्या मापाचा साधा बेत काढा आणि दोन्ही मुंढे, म्हणजे बाही जोडायच्या गोलाया, वरून तेवढे आत घ्या. मग बाहीच्या कागदाला वरच्या गोलाईपासून खालपर्यंत चार चिरा द्या, पण खालच्या कडेला कागद जोडलेलाच ठेवा. प्रत्येक चीर पाऊण इंच उघडली की गोलाईत 3 इंच वाढ मिळते. त्याबरोबर बाहीचा माथाही इंचभर उंच करा, नाहीतर रुंदी मिळते पण फुगा बसकाच राहतो.

शिवताना माथ्यावर लांब टाक्यांच्या दोन समांतर ओळी घाला, पाव इंच अंतरानं, आणि खालचा, बॉबिनचा दोरा ओढून चुन्या करा. चुन्या फक्त वरच्या भागात हव्यात, काखेत एकही नको. काखेत चुन्या गेल्या की हात खाली टेकत नाही. चुन्या सुईच्या टोकानं सारख्या करा, इस्त्रीचं टोक फक्त शिवणीवर टेकवा, फुग्यावर चुकूनही नाही. पहिल्या धुण्यानंतर फुगा पडतो अशी तक्रार असते, त्याला जुना उपाय आहे: ऑर्गंडीची दीड इंच रुंद, 5-6 इंच लांब पट्टी दुहेरी घडी घालून आतून माथ्याच्या शिवणीला टाचायची. बाहेरून दिसत नाही आणि फुगा उभा राहतो. मला हे माझ्या सासूबाईंनी दाखवलं. त्यांना ते कोणी दाखवलं ते मी विचारलं नाही, आता विचारायला त्या नाहीत.

एक गोष्ट मात्र फोटोसारखी येणार नाही, आणि आधीच सांगते म्हणजे वाईट वाटणार नाही. त्या काळातल्या ब्रेसियरचा आकार टोकदार होता, उंच बसायचा. पुढचा टक त्या टोकाकडे जायचा. आज आपण घालतो ती गोल असते, टोक थोडं खाली येतं. आजीच्या बेतावर टक तसाच ठेवला तर वर एक पोकळ कोपरा राहील. टक तुमच्या मापानं घ्या आणि टोकाच्या इंचभर अलीकडे संपवा.

आजीचं खरं झंपर एखाद्या ट्रंकेत सापडतंय का तेवढं बघा. सापडलं तर उसवू नका. उलटं करून, बटर पेपरवर पसरून, शिवणीच्या ओळीवर टाचण्या टोचत जा. कागदावर भोकांची रेघ उमटते, ती खडूनं जोडली की बेत तयार. आणि उलटं केलं की आतली माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, दिसेल. आजचा ब्लाउज अर्ध्या इंचाच्या मायेवर संपतो, जुन्या झंपराला दोन्ही बाजूंनी दीड-दोन इंच असायची. माझ्याकडे एकदा असंच एक झंपर आलं होतं, खणाचं. बाजूच्या शिवणीत तीन उसवलेल्या टिपांच्या खुणा, एकाच्या बाहेर एक, आणि त्यांच्याही बाहेर चौथी टीप, अजून जोडलेली. ज्यांचं झंपर होतं त्यांच्या मुलीनं मोजून सांगितलं, "आम्ही तीनच भावंडं." तुम्हीही माया भरपूर ठेवा, इस्त्री करून आत दाबून टाका, बाहेरून कळत नाही.

तंग कुर्ता आणि चुडीदार हा वेगळा विषय आहे, थोडक्यात सांगते. 1965 च्या 'वक्त'मधल्या साधनाच्या तंग कुर्त्यानं ती फॅशन घराघरांत नेली. तो बेत भानू अथैया यांचा, आपल्या कोल्हापूरच्या, ज्यांना 1983 मध्ये 'गांधी'च्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालं. तो तंगपणा ताणणाऱ्या कापडाचा नव्हता. कुर्त्यात तो टकांतून येतो आणि बाजूच्या शिवणीच्या वळणातून, चुडीदारात उरेबातून, म्हणजे तिरक्या कापातून. विणलेलं कापड उभ्या धाग्यानं ताणत नाही, आडव्यानं जेमतेम, पण 45 अंशात तिरकं धरलं की रबरासारखं येतं. म्हणून चुडीदार नेहमी उरेब कापतात. शिंपी आधी कापडाची उरेब थैली शिवतात आणि तिच्यातून पाय कापतात, म्हणजे कापड वाया जात नाही. घोट्याजवळ चुड्या पडाव्यात म्हणून लांबी पायाच्या मापापेक्षा 10-12 इंच जास्त. हे झंपरानंतर करा, आधी नको. उरेब कापड हातात नाचतं, आणि तुमचं मशीन अजून तुमच्या पायाला सवयीचं नाही.

आता पहिल्या कापडाचं. मांजरपाट आणा, सव्वा मीटर. साडीचा ब्लाउज पीस 80 सेंटिमीटरचा असतो, फुग्याच्या बाह्यांना अपुरा पडतो, मग बाह्या आडव्या धाग्यात बसवाव्या लागतात आणि फुगा वाकडा होतो. मांजरपाट रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मग कापा. खरं कापडही असंच, आणि अस्तरही वेगळं भिजवा. एकदा घाईत मी न भिजवलेल्या अस्तरावर एकीचा लग्नाचा ब्लाउज शिवला होता. पहिल्या धुण्यात अस्तर आटलं, वरचं कापड फुगून राहिलं. शिलाई परत केली, कापडाचे पैसे दिले, त्या पुन्हा आल्या नाहीत.

मांजरपाटाचं झंपर लांब टाक्यांनी कच्चं शिवून अंगात घाला आणि आरशासमोर उभ्या न राहता रोजची कामं करा. वरच्या फडताळातला डबा काढा. ऐरोली स्टेशनवर ट्रेनची दांडी धरता तसा हात वर धरा. झंपर सगळं वर ओढलं गेलं तर काखेचा मुंढा खोल झालाय. ऐकायला उलटं वाटेल, पण मुंढा काखेजवळ जितका वर तितका हात मोकळा. पाठीवर मानेखाली आडवी घडी पडली तर खांद्याचा उतार तुमच्यापेक्षा जास्त बेतलाय. खुणा त्याच मांजरपाटावर खडूनं करा आणि उसवून तोच तुमचा पक्का बेत म्हणून ठेवा. कागदापेक्षा टिकतो.

आणि हो, आजीच्या फोटोत हुक पुढे आहेत की मागे ते बघून कळवा. पुढे काहीच दिसत नसेल तर गळ्याच्या मागे फीत किंवा बटणाचा ठिपका दिसतो का बघा, किंवा गावाकडे कोणाला आठवत असेल तर विचारा. मागे असतील तर पुढचा भाग घडीवर अखंड कापायचा आणि टक बाजूच्या शिवणीतून घ्यायचा. पुढे असतील तर बटणपट्टीसाठी प्रत्येक बाजूला इंचभर जादा लागेल, मग सव्वा मीटरचं दीड मीटर आणा.